समुद्रावरचा सरखेल

आपल्या कॉलेजची रोल लिस्ट कधी पूर्ण वाचलीय? डिफॉल्टर लिस्ट लागली की आपण सगळेच नोटीस बोर्डाकडे धावतो, पण आपल्या नावाच्या वर-खाली काही बघत नाही. एकदा सगळी आडनावं वाचून बघा. एखादा तांडेल सापडेल, एखादा सारंग, एखादी नाखवा. ही आडनावं गावावरून पडलेली नाहीत, जहाजावरच्या कामावरून पडलेली आहेत. तांडेल म्हणजे होडीवरच्या माणसांचा प्रमुख, सारंग म्हणजे खलाशांचा नाईक आणि नाखवा म्हणजे जहाजाचा धनी. म्हणजे या मुलांच्या खापरपणजोबांचा बायोडेटा त्यांच्या आडनावातच लिहिलेला आहे!

आणि आडनाव काहीही असो, अलिबाग-मुरुड-दापोलीकडच्या कुठल्याही मुलाला विचारा. गणपतीत सगळे घरी जमले की कोणीतरी आजोबा हमखास सांगतात की आपला मूळपुरुष आंग्र्यांच्या आरमारात होता. कोणता मूळपुरुष, कोणत्या जहाजावर, कोणत्या साली, असं विचारलं की तेवढ्यात चहा येतो आणि विषय बदलतो. आमच्या हॉस्टेलवर अशा किमान चार जणी आहेत. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा तर आंग्र्यांचं आरमार हल्लीच्या मुंबई लोकलपेक्षाही जास्त भरलेलं असणार. म्हणून ठरवलं, की सगळ्यांचे पूर्वज ज्याच्या हाताखाली होते त्या माणसाचंच चरित्र आधी वाचायचं. मी शाळेत इतिहास इंग्रजीतून शिकले. त्या पुस्तकात कान्होजी आंग्रे जेमतेम दोन ओळींत येऊन जात. त्या दोन ओळींत किती मोठा माणूस कोंबला होता ते आता कळतंय.

गंमत अशी की खुद्द कान्होजींचं घराणं मूळचं आंग्रे नव्हतंच. ते संकपाळ. पुण्याच्या बाजूला आंगरवाडी नावाचं गाव होतं, त्यावरून आंगरे आणि पुढे आंग्रे. म्हणजे समुद्रावर ज्या नावाने धडकी भरायची ते नाव मुळात घाटावरचं, समुद्र न दिसणाऱ्या गावाचं आहे. कान्होजींचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या सेवेत होते आणि त्यांची नेमणूक सुवर्णदुर्गावर होती. कान्होजींचा जन्म साधारण १६६९ चा. म्हणजे 'आमचे वडील महाराजांच्या आरमारात होते' हे वाक्य अख्ख्या कोकणात खरं ठरतं ते सगळ्यात आधी कान्होजींच्याच बाबतीत.

सुवर्णदुर्ग म्हणजे हर्णैच्या किनाऱ्यासमोर समुद्रात उभा असलेला किल्ला. हर्णैला मासळीच्या लिलावाला गेलात तर समोरच दिसतो. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलाला भरती-ओहोटीचं टाइमटेबल कोणी शिकवावं लागत नाही. वारा कुठून फिरतो, पाण्याखाली खडक कुठे आहेत, पावसाळ्याआधी समुद्राचा रंग कसा बदलतो, हे सगळं त्याला न शिकता येणार. पुढे इंग्रजांकडे मोठी जहाजं होती, मोठ्या तोफा होत्या, नकाशे होते. पण हा अभ्यासक्रम मात्र त्यांचा कच्चा होता.

१६८० मध्ये महाराज गेले. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची क्रूर हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराजांना थेट दक्षिणेत जिंजीला जावं लागलं. इकडे कोकणात जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांच्या बाजूने किल्ले गिळत चालला होता. याच धामधुमीत सुवर्णदुर्गाचा किल्लेदार फितूर होऊन किल्ला सिद्दीला देणार होता आणि तरुण कान्होजींनी त्याला बाजूला करून किल्ला स्वतःच्या हातात घेतला, असं सांगतात. या कथेत बखरीचं तिखटमीठ किती आणि खरं किती, यावर अभ्यासकांनी वाद घालावेत. एवढं नक्की, की मोगली सैन्य सह्याद्रीत पसरलेलं असताना कोकण किनाऱ्यावरचे किल्ले एकेक करून पुन्हा मराठ्यांकडे आणणाऱ्यांत कान्होजी सर्वांत पुढे होते. छत्रपती जिंजीत, खजिना रिकामा, वरून हुकूम येण्याची सोय नाही. अशा वेळी हा माणूस कोकणात स्वतःच निर्णय घेत होता.

आरमाराचे प्रमुख होते सिधोजी गुजर. त्यांच्या मृत्यूनंतर १६९८ च्या सुमारास कान्होजींना सरखेल ही पदवी मिळाली. सरखेल म्हणजे आरमाराचा सरसेनापती, आजच्या भाषेत ॲडमिरल. वय तीसच्या आत. (आपण त्या वयात बॅकलॉग क्लिअर झाल्याचे पेढे वाटत असू.)

त्यांनी मुख्य ठाणं केलं अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात. हा किल्ला बांधायला घेतला महाराजांनी १६८० मध्ये आणि तो पुरा झाला संभाजी महाराजांच्या काळात. अलिबागच्या बीचवर पिकनिकला गेलेल्या प्रत्येकाने तो पाहिलाय, ओहोटीला चालत जाता येतं म्हणून. पण तिथे गेल्यावर फोटो काढून झाले की एक काम करा, तटाचे दगड बघा. मोठमोठे चिरे एकमेकांवर नुसते रचलेले आहेत, मध्ये चुना नाही. आधी वाटतं की पैसे संपले असतील. पण विचार केला की कळतं. लाट आदळली की पाणी दगडांच्या फटींत शिरतं, तिथेच तिचा जोर मोडतो आणि पाणी परत निघून जातं. भिंत सलग असती तर सगळा धक्का तिने एकटीने सोसला असता. सिव्हिलवाल्यांनी यावर सेमिनार घ्यायला हरकत नाही. साडेतीनशे वर्षं होत आली, किल्ला उभा आहे. किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे, चारी बाजूंनी खारं पाणी असताना.

कान्होजींच्या काळात अलिबाग गाव वसलं, वाढलं. त्यांनी अलिबागी रुपया नावाचं चांदीचं नाणं पाडलं. स्वतःची टांकसाळ असलेला माणूस चाचा कसा काय, हा प्रश्न इथेच पडायला हवा. तरीही आज मराठीत कोणाला भोळा म्हणायचं असेल तर तो अलिबागहून आलाय का असं विचारतात! हा आमच्या गावाचा अपमान आहे म्हणून २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टात याचिकासुद्धा झाली होती. कोर्टाने ती फेटाळली. इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी या तिघांनाही विचारलं असतं तर त्यांनी अलिबागहून आलेल्या माणसाबद्दल निराळंच मत दिलं असतं.

आता जहाजांविषयी. मेकॅनिकलची असल्यामुळे मला सगळ्यात जास्त मजा इथे आली. आंग्र्यांच्या आरमाराचा कणा म्हणजे दोन प्रकारची जहाजं, गुराब आणि गलबत. गुराब मोठं. दोन डोलकाठ्यांचं असेल तर दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांचं असेल तर तीनशे टनांच्या आसपास. तळ उथळ, पोट रुंद आणि पुढे निमुळतं होत गेलेलं. नाळेच्या बाजूला, म्हणजे जहाजाच्या नाकाशी, नऊ ते बारा पौंडी गोळा फेकणाऱ्या दोन तोफा थेट समोर तोंड करून बसवलेल्या. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतलं, पण त्याला चाळीस ते पन्नास वल्ही. वारा पडला तरी माणसांच्या दंडाच्या जोरावर ताशी चार मैल जाणारं.

इंग्रजांची जहाजं उंच, जड आणि खोल तळाची. त्यांच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असत. बाजूने जवळ जाल तर तुमचा चुराडा. पण मागून? मागे तोफा अगदी थोड्या. बस, एवढीच गोष्ट आंग्र्यांच्या लोकांनी पकडली. सावज दिसलं की बंदरातून गुराबं आणि गलबतं सुटायची. वारा असेल तर ही हलकी जहाजं पळतच यायची. वारा पडला असेल तर आणखी चांगलं, कारण मोठं जहाज जागच्या जागी लाकडाच्या ओंडक्यासारखं पडून राहायचं आणि इकडे गलबतं वल्ही मारत गुराबांना दोराने ओढून आणायची. मग सगळी त्याच्या पिछाडीला जमायची आणि लांबूनच, नाळेवरच्या तोफांनी, आधी फक्त डोलकाठ्यांवर मारा. तोही तिन्ही डोलकाठ्या शेजारी शेजारी दिसतील असा कोन साधून, म्हणजे एक गोळा चुकला तरी दुसऱ्या काठीला लागण्याची शक्यता राहते. प्रोबॅबिलिटीचा पेपर न देता! डोलकाठ्या कोसळल्या की जहाज पांगळं. तरीही ते शरण आलं नाही तर प्रत्येकी दोनशे-तीनशे माणसांनी भरलेली गलबतं चारी बाजूंनी एकाच वेळी भिडायची आणि माणसं तलवारी घेऊन वर चढायची. उथळ तळाचा आणखी एक फायदा. पाठलाग झालाच तर ही जहाजं सरळ खाडीत शिरायची, मोठं जहाज तोंडाशीच अडकायचं.

या लढाईचं इंजिन होती ती वल्ही मारणारी माणसं. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी. कान्होजींच्या पदरी काही युरोपियन लोकही होते, पण वल्ह्यावर बसायचे ते किनाऱ्यावरच्याच गावांतले लोक. पावसाळ्यात आरमार खाड्यांमध्ये छावणीला जायचं. त्याच काळात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारावर आख्खं प्रकरण आहे. आरमार दर वर्षी एकाच बंदरात ठेवू नये, तिथल्या लोकांना त्रास होतो, आणि जहाजांसाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडं तोडू नयेत, असा हिशोब त्यात केलेला आहे.

मग भांडण कशावरून होतं? दस्तकावरून. दस्तक म्हणजे परवाना. आमच्या समुद्रातून माल न्यायचा असेल तर आमचा परवाना घ्या आणि त्याचे पैसे भरा, असं कान्होजींचं म्हणणं. ही कल्पना त्यांची नव्हती. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून हिंदी व्यापाऱ्यांना असेच परवाने विकत होते आणि ज्याच्याकडे परवाना नाही त्याचं जहाज जप्त करत होते. ते केलं की कायदा, आणि कान्होजींनी केलं की चाचेगिरी! इंग्रज म्हणत की आमची जहाजं सोडा आणि आमच्या परवान्यावर चालणाऱ्या इथल्या व्यापाऱ्यांची जहाजंही सोडा. यातली दुसरी अट मान्य केली असती तर उद्या प्रत्येक व्यापाऱ्याने इंग्रजांचा झेंडा लावला असता आणि सरखेलांनी समुद्राकडे नुसतं बघत बसायचं!

अर्थात आपल्याकडे चरित्र म्हटलं की माणसाचा देव करून टाकतात, तसं नको. पकडलेल्या जहाजांवरचा माल ज्यांचा होता त्यांत आपल्याकडचे व्यापारीही होते, आणि ओलीस धरून खंडणी घेणं हे त्या काळच्या सगळ्यांप्रमाणे कान्होजींनीही केलं. नोव्हेंबर १७१२ मध्ये त्यांच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रज प्रमुखाची, विल्यम ऐस्लाबीची, शस्त्रसज्ज यॉटच पकडली. त्या झटापटीत कंपनीच्या कारवार वखारीचा प्रमुख थॉमस चाऊन मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैद झाली. फेब्रुवारी १७१३ मध्ये तीस हजार रुपये खंडणी घेऊन तिला सोडण्यात आलं. तिच्या बाजूने ही गोष्ट वाचली तर ती फारशी शौर्याची वाटत नाही, हे लिहायला हवं.

त्याच वर्षी घरचं भांडण पेटलं. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, शाहू महाराज सुटून आले आणि मराठ्यांच्या दोन गाद्या झाल्या. कान्होजी ताराबाईंच्या बाजूचे. शाहू महाराजांनी त्यांच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पाठवलं. कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं! साताऱ्याला घाम फुटला. तेव्हा बोलणी करायला पाठवलं बाळाजी विश्वनाथ भटांना. हे मूळचे श्रीवर्धनचे, कोकणातले, कान्होजींच्या ओळखीचे. लोणावळ्याजवळ वळवणला दोघांची भेट झाली आणि तलवार न उपसता प्रकरण मिटलं. कान्होजी शाहू महाराजांच्या बाजूला आले, सरखेली कायम झाली, समुद्रातले दहा आणि जमिनीवरचे सोळा किल्ले त्यांच्याकडे राहिले. बाळाजींना या धामधुमीत पेशवाईची वस्त्रं मिळाली. कान्होजी जर हट्टाला पेटले असते तर पेशवाईचा इतिहास कुठल्या वळणाने गेला असता कोण जाणे.

१७१५ च्या अखेरीस मुंबईला नवा गव्हर्नर आला, चार्ल्स बून. आंग्र्यांचा नायनाट करायचाच या हिशोबाने त्याने जहाजं बांधायला घेतली. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला, अपयश. १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला, त्यात बून स्वतः हजर, अपयश. खांदेरी म्हणजे मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या समोरचं बेट. १६७९ मध्ये महाराजांनी ते बांधायला घेतलं तेव्हा इंग्रजांनी वेढा घालून पाहिला होता आणि मायनाक भंडारींनी तो दाद लागू दिला नव्हता. म्हणजे इंग्रजांचा या विषयातला हा जुना बॅकलॉग. १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग. या वेळी खास तयारी म्हणून 'फ्राम' नावाची पाण्यावर तरंगणारी अवजड तोफांची फलाटी बनवून नेली होती. तिचाही उपयोग झाला नाही.

हरलेल्या माणसाला घरात फितूर दिसायला लागतो. १७२० मध्येच मुंबईत रामा कामाठी या मोठ्या माणसावर आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा खटला भरला गेला. रामा कामाठी म्हणजे इंग्रजांच्या हिंदी शिपायांचा प्रमुख, वाळकेश्वरच्या देवळाच्या बांधणीशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते. पुरावा काय, तर त्यांचा शिक्का असलेलं एक पत्र आणि छळ करून नोकराकडून वदवून घेतलेली साक्ष. मालमत्ता जप्त झाली, जन्मठेप झाली, १७२८ मध्ये ते कैदेतच वारले. नंतर उघड झालं की पत्र बनावट होतं. पूर्वज शोधायला कागदांकडे जाणाऱ्यांनी हे प्रकरण आधी वाचावं. कागदावर नाव आहे म्हणून माणूस तिथे होता असं होत नाही. आणि कागदावर नाव नाही म्हणून नव्हता असंही होत नाही.

१७२१ मध्ये सगळ्यात मोठा घाला आला. इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र झाले. इंग्लंडच्या राजाच्या नौदलाची चार जहाजं कमोडोर मॅथ्यूजच्या हाताखाली आली होती. गोव्याचा व्हाइसरॉय जातीने हजर. जवळपास सहा हजारांची फौज जमिनीवरून कुलाब्याकडे निघाली. कान्होजींचं वय पन्नाशीच्या पुढे. शाहू महाराजांकडून मदत घेऊन आले ते बाळाजी विश्वनाथांचे चिरंजीव, पेशवे बाजीराव, वय वर्षं एकवीस. (म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलांएवढे.) डिसेंबरच्या अखेरीस हल्ला झाला आणि फसला. मराठ्यांच्या घोडेस्वारांपुढे पोर्तुगीजांची फळी मोडली, मग इंग्रजांनाही मागे फिरावं लागलं. एका स्वाराचा भाला मॅथ्यूजच्या मांडीत लागला. संतापलेला मॅथ्यूज आपल्याच मित्राच्या, म्हणजे पोर्तुगीज सेनापतीच्या अंगावर छडी घेऊन धावून गेला! जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह करून टाकला आणि इंग्रज हात हलवत मुंबईला परतले.

नंतर इंग्रज गव्हर्नर फिप्स आणि कान्होजी यांच्यात पत्रं गेली-आली. १७२४ च्या पत्रव्यवहारात कान्होजींनी मुद्देसूद मांडलंय की दुसऱ्याचं बळाने घेतल्याचा आरोप तुम्ही आमच्यावर करता, पण तुमची कंपनी तरी त्यातून सुटलेली आहे का. आणि शिवाजी महाराजांनी चार-चार सत्तांशी लढून हे राज्य उभं केलं, आम्ही त्याच वाटेने आलो, मैत्री हवी असेल तर आमची तयारी आहे. मला हा भाग लढायांपेक्षाही आवडला. ज्याला लुटारू म्हणून हिणवलं तो माणूस वायवाला बसल्यासारखा शांतपणे उत्तरं देतोय आणि परीक्षक घामाघूम!

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी गेले. तीसेक वर्षं सरखेल होते आणि समुद्रावर त्यांचा मुख्य किल्ला कोणी घेऊ शकलं नाही. अलिबाग गावात त्यांची समाधी आहे. बीचकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या तिच्याजवळून न थांबता जातात.

मागे सहा मुलगे. थोरले सेखोजी कर्तबगार, पण १७३३ मध्ये तेही वारले. मग भावाभावांत फूट. संभाजी एकीकडे, मानाजी दुसरीकडे, कुलाबा वेगळा, विजयदुर्ग वेगळा. संभाजीनंतर विजयदुर्गाला तुळाजी आले. ते वडिलांसारखेच जबर आणि वडिलांपेक्षा हेकट. त्यांचं आणि पेशव्यांचं पटेना, तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध चक्क इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, जिथे कान्होजी लहानाचे मोठे झाले तो. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तुळाजींची जहाजं किल्ल्याच्या आसऱ्याला एकमेकांना बांधून उभी होती. त्यांतल्या एकावर, तेही इंग्रजांकडूनच पूर्वी पकडलेल्या, तोफगोळा पडून आग लागली. आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि आरमार जळालं. कान्होजींनी चाळीस वर्षं जे कोणाला करू दिलं नाही ते घरच्या भांडणामुळे एका दिवसात झालं. तुळाजी मरेपर्यंत कैदेत राहिले. वॉटसन आणि क्लाइव्ह तिथून पुढे बंगालला गेले आणि वर्ष-सव्वा वर्षात प्लासी झाली. विजयदुर्गाला पुढे धुळपांनी पेशव्यांचं आरमार सांभाळलं, १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी रेंजर नावाचं इंग्रज जहाज पकडलंही. पण मुंबईला धाक बसावा असं आरमार पुन्हा झालं नाही. कुलाबा संस्थान १८४० च्या सुमारास कंपनीने खालसा केलं.

आता त्या चहा आल्यावर बदलणाऱ्या विषयाकडे. समजा १७२१ मध्ये मॅथ्यूजच्या जहाजावर एखादा साधा इंग्रज खलाशी होता. त्याच्या वंशजाला शोध घ्यायचा तर रस्ता आहे. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या हजेरीच्या आणि पगाराच्या जुन्या वह्या लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवलेल्या आहेत. जहाजाचं नाव कळलं की पानं उलटायची. समोर कुलाब्याच्या बाजूला त्याच दिवशी वल्ह्यावर बसलेल्या माणसाचं काय? पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले कागद आहेत, मुंबईच्या पुराभिलेखागारात कंपनीचे, पणजीला पोर्तुगीजांचे. पण या कागदांत भेटतात सरखेल, सुभेदार, किल्लेदार. वल्हेकऱ्याची आकडेवारी येते, इतकी गलबतं, इतके लोक. आणि ज्यांनी सगळ्यात जास्त लिहून ठेवलं ते शत्रू होते. त्यांच्या लेखी पलीकडचे सगळे चाचेच. कान्होजींच्या एवढ्या लढायांचे तपशील आपल्याला मिळतात तेही बरेचसे त्यांच्याकडून हरलेल्यांच्या वह्यांतून.

तरीही शोधायचंच असेल तर मोडी शिकावी लागेल. मला देवनागरीतलंच जोडाक्षर वाचताना अजून थांबावं लागतं, त्यामुळे मोडीचा विचार करूनच पोटात गोळा येतो. पण पुण्या-मुंबईत मोडीचे वर्ग चालतात आणि तिथे आपल्या वयाची मुलं जातात. घरातले जुने कागद असतील तर गणपतीत ट्रंक उघडून बघा, इनामाचा, वतनाचा एखादा कागद निघतो. कुळाचा देव कोणत्या बंदराजवळ आहे, आडनाव हुद्द्याचं आहे का, माहेरवाशिणी कोणत्या कोळीवाड्यांत दिल्या होत्या, हेही पुरावेच.

सरकारी आठवण ठीक चाललीय. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला १९५१ पासून आय.एन.एस. आंग्रे हे नाव आहे. त्याआधी त्या तळाला डलहौसीचं नाव होतं, हे वाचून मी एकटीच मेसमध्ये हसले. खांदेरी बेटाला १९९८ मध्ये कान्होजींचं नाव मिळालं, नौदलाची 'खांदेरी' पाणबुडी २०१९ मध्ये सेवेत आली आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग यांचा समावेश झाला. कुलाबा त्या यादीत नाही. ओहोटी बघून चालत जाता येतं, तेवढं पुरे.

खांदेरीवर १८६७ सालचं दीपगृह आहे आणि वेताळाचं एक देऊळ. थळ, नवगाव, वरसोलीकडचे कोळी मासेमारीच्या वाटेवर त्या वेताळाला मानतात. त्यांच्या होड्यांवर आता वल्ह्यांऐवजी डिझेल इंजिन असतं. होडीवरच्या प्रमुखाला मात्र अजून तांडेलच म्हणतात.